स्पर्धेतल्या बार्बेक्यूचे शिक्षण : पैसे कुठे सार्थकी लागले

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या परिसरात राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली आणि त्यांतली सहा वर्षे मी घरामागच्या अंगणात, २२ इंची वेबर स्मोकी माउंटन या कोळशाच्या स्मोकरवर, म्हणजे मंद विस्तवाच्या धुरात शिजवण्याच्या बंद भट्टीवर, मांस शिजवतो आहे. गेल्या वर्षी कार्यालयातल्या दोन मराठी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन मी पहिल्यांदा एका स्पर्धेत उतरलो. ३४ संघांत आमचा क्रमांक ३१ वा आला, आणि ज्या रिब्जची, म्हणजे डुकराच्या बरगड्यांची, आमच्या मित्रमंडळींत चार वर्षे वाहवा होत होती त्यांनाच सर्वांत कमी गुण पडले. त्यानंतरच्या वर्षभरात मी स्पर्धात्मक बार्बेक्यूचे दोन प्रशिक्षणवर्ग आणि परीक्षकांसाठीचा एक वर्ग पूर्ण केला. शुल्क, प्रवास, मुक्काम आणि एका वर्गासाठी स्वतः विकत घेतलेले मांस धरून सुमारे १,७०० डॉलर खर्च झाले. त्यांतले निम्म्याहून अधिक पैसे ज्या वर्गावर गेले त्या वर्गातून माझ्या हाती सर्वांत कमी लागले, आणि ज्या वर्गाला सर्वांत कमी पैसे लागले त्याने माझी चव पारखण्याची पद्धतच बदलली. असा वर्ग निवडू पाहणाऱ्या वाचकांना माझ्या चुकीचा उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहितो आहे. दोन्ही प्रशिक्षणवर्गांची नावे दिलेली नाहीत, कारण एकाविषयी माझी तक्रार आहे आणि दुसरा वर्ग एक दांपत्य आपल्या घराच्या आवारात अगदी लहान प्रमाणावर चालवते. नावांपेक्षा चांगला वर्ग ओळखायचा कसा, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

वर्गाचे मोल ठरवायचे तर तो ज्या परीक्षेसाठी तयार करतो ती परीक्षा आधी नीट समजली पाहिजे. येथील बहुसंख्य स्पर्धा कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांनुसार होतात. १९८५ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या मान्यतेने दरवर्षी देशभर शेकडो स्पर्धा भरतात. चार प्रकारचे मांस ठरलेल्या क्रमाने परीक्षकांकडे पोहोचवायचे असते : साधारणपणे दुपारी १२ वाजता कोंबडी, १२.३० वाजता डुकराच्या रिब्ज, १ वाजता डुकराच्या खांद्याचे मांस आणि १.३० वाजता गाईगुरांच्या छातीचे मांस, म्हणजे ब्रिस्केट. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधीपासून पाच मिनिटे नंतरपर्यंतच मांसाचा डबा स्वीकारला जातो. विस्तव लाकडाचा, कोळशाचा किंवा लाकडी पेलेटचा, म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या गोळ्यांचा, असावा लागतो. शिजवण्यासाठी गॅस किंवा वीज चालत नाही. मसाला लावण्यापूर्वी कच्च्या मांसाची तपासणी होते, आणि तोपर्यंत ते ४० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून थंड ठेवावे लागते.

डबा सहा परीक्षकांच्या टेबलावर जातो. मांडणी, चव आणि मऊपणा या तीन कसोट्यांवर प्रत्येक परीक्षक ९ पासून २ पर्यंत गुण देतो; १ हा गुण नियमभंगासाठी राखलेला असतो. या तीन कसोट्यांचे वजन मात्र सारखे नसते. मांडणीच्या गुणाला ०.५६ ने, चवीच्या गुणाला २.२९७२ ने आणि मऊपणाच्या गुणाला १.१४२८ ने गुणतात. सहांपैकी सर्वांत कमी बेरीज असलेल्या परीक्षकाचे गुण वगळतात आणि उरलेल्या पाचांची बेरीज घेतात, त्यामुळे एका मांसप्रकारात जास्तीत जास्त १८० आणि चारही मिळून ७२० गुण होतात. या आकडेवारीकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले होते. आज मला ती वर्ग निवडण्याची पहिली फूटपट्टी वाटते, कारण चवीतला एक गुण मांडणीतल्या चार गुणांहूनही थोडा अधिक भरतो. ज्या वर्गात अर्धा दिवस डब्यात लेट्यूसची पाने आणि पार्सली लावण्यात जातो आणि चवीची चर्चा वीस मिनिटांत उरकली जाते, त्या वर्गाने परीक्षेचा अभ्यासक्रमच वाचलेला नसतो.

माझा पहिला वर्ग नेमका असाच होता. शिकवणारे गृहस्थ स्पर्धांमध्ये नावाजलेले, त्यांच्या तंबूच्या मागच्या भिंतीवर चषकांची रांग, शुल्क दोन दिवसांचे ७५० डॉलर आणि विद्यार्थी चाळीसच्या आसपास. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि तिथून कापण्याच्या फळीवर काय चालले आहे ते पडद्यावरच दिसत होते. गृहस्थ मनापासून बोलत होते आणि कोंबडी साफ करण्याची त्यांची पद्धत खरोखर पाहण्यासारखी होती. मांडीच्या तुकड्याची कातडी हलक्या हाताने सोलायची, तिच्या आतल्या बाजूची चरबी धारदार पात्याने खरवडून कातडी जवळजवळ पारदर्शक करायची, मांसाचे तुकडे एकाच आकाराचे कापायचे आणि कातडी पुन्हा त्यांच्याभोवती गुंडाळायची. परीक्षकाने चावा घेताच कातडी दाताखाली तुटावी, आख्खी ओढली जाऊन हातात येऊ नये, यासाठी हा खटाटोप असतो. एवढे मी शिकलो हे मान्य करतो.

पण दोन दिवसांत माझ्या हाती एकदाही सुरी आली नाही. ब्रिस्केट आदल्या रात्री त्यांच्या साहाय्यकांनी चढवले होते आणि सकाळी आम्ही आलो तेव्हा ते फॉइलमध्ये गुंडाळलेले होते, त्यामुळे ते कधी गुंडाळायचे हा सर्वांत अवघड निर्णय आमच्या डोळ्यांआड झाला. त्यांचा स्मोकर हजारो डॉलरांचा, जाड पत्र्याचा, ट्रेलरवर बसवलेला. त्यात पंख्याने आपोआप तापमान राखले जाते, आणि माझ्यासारख्याने कोळशाच्या साध्या स्मोकरवर हेच कसे साधायचे, हा प्रश्न विचारल्यावर सरावाने जमेल एवढेच उत्तर मिळाले. मसाल्याचे नाव विचारले की त्यांच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटाकडे बोट दाखवले जाई. तयार मसाले वापरण्यात गैर काही नाही, अनेक उत्तम संघ तेच वापरतात, परंतु त्या मसाल्यात मीठ, साखर आणि तिखट यांचे प्रमाण काय आणि ते का, हे कळल्याशिवाय परीक्षकांचा शेरा वाचून त्यात बदल करणे अशक्य असते. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकाला चारही मांसांचा एकेक घास मिळाला. घास अप्रतिम होता, आणि तो तसा का झाला हे मला घरी जाताना सांगता आले नसते.

त्या वर्गानंतर तीन आठवड्यांनी मी कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीचा परीक्षक-प्रशिक्षणवर्ग केला, आणि हे मी आधी करायला हवे होते. हा वर्ग अर्ध्या दिवसात संपतो आणि त्याचे शुल्क पाककलेच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गाच्या मानाने अगदी थोडे असते. नियम समजावले जातात, मुद्दाम चुकीचे सजवलेले डबे समोर आणून त्यांत नियमभंग कुठे आहे ते शोधायला लावतात, आणि मग चारही मांसांचे नमुने खऱ्या स्पर्धेप्रमाणे वाटून प्रत्येकाला गुण द्यायला सांगतात. परीक्षक काटा-चमचा वापरत नाहीत, बोटांनीच घास उचलतात, आणि गुण लिहून होईपर्यंत टेबलावर कोणी कोणाशी बोलत नाही. शेवटी उभे राहून सर्वांनी शपथ घ्यायची असते, आणि तो क्षण मला वाटला होता त्याहून गंभीर होता.

येथेच मला माझ्या रिब्जचे कोडे सुटले. आपल्याकडे मटण हाडापासून अलगद सुटले की स्वयंपाक करणाऱ्याचा हात बसला असे आपण म्हणतो, आणि मी सहा वर्षे त्याच मापाने रिब्ज शिजवत होतो. स्पर्धेत हाडावरून गळून पडणारे मांस जास्त शिजलेले मानतात. चावा घेतला की दातांच्या जागेपुरतेच मांस निघावे, बाकीचे हाडाला धरून राहावे, आणि उघड्या पडलेल्या हाडावरचा ओलावा पाहता पाहता सुकून ते पांढरे दिसावे, ही योग्य शिजण्याची खूण समजली जाते. धुराने मांसाच्या कडेला जी गुलाबी किनार उमटते तिच्याविषयीही माझा गैरसमज दूर झाला. मी ती किनार रुंद व्हावी म्हणून धडपडत होतो आणि परीक्षकांना तर ती गुण देताना विचारात घ्यायचीच नाही असे शिकवले जाते. मांस डब्यात असताना डोळ्यांना किती आकर्षक वाटते याचे गुण मांडणीत जातात, आणि तिथेही किनारीचा हिशेब धरत नाहीत. एका दुपारी हे दोन गैरसमज गेले, आणि पहिल्या वर्गातल्या दोन दिवसांनी त्यांना हातही लावला नव्हता.

शिवाय परीक्षकांच्या टेबलावर बसलेल्या माणसांची जीभ कशी आहे, हेही तिथे कळते. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या आमच्या या मध्य भागातल्या, स्पर्धांची चव गोडाकडे झुकलेली असते. ब्राउन शुगर, मध आणि गोडसर टोमॅटो सॉस यांच्यामागून हलके तिखट येते. लसूण, मिरे आणि खरपूस धुराच्या बळावर शिजवणाऱ्या मराठी माणसाला ही गोडी आधी खटकते. ती आवडून घ्यावी असे नाही, पण ओळखता आली पाहिजे, कारण माझ्या घरच्या मसाल्यातला लवंग-दालचिनीचा सूर, ज्याला आमच्या मंडळींत दाद मिळत असे, तो त्या टेबलावर ओळखीचा नव्हता आणि चवीच्या गुणांत त्याची किंमत मोजावी लागली होती.

दुसरा प्रशिक्षणवर्ग मिसूरी राज्यात, आमच्या घरापासून तीन तासांच्या अंतरावर होता. शिकवणारे पती-पत्नी, दोघेही आजही दर मोसमात दहा-बारा स्पर्धांत उतरणारे, विद्यार्थी फक्त आठ, शुल्क ४०० डॉलर आणि मांस आपले आपण आणायचे. नोंदणीनंतर त्यांनी पाठवलेले पहिले पत्र वाचूनच मला फरक जाणवला. तुमचा स्मोकर कोणता, तुम्ही कोणत्या नियमांच्या स्पर्धांत उतरता, मागच्या स्पर्धेचे गुणपत्रक असेल तर पाठवा, आणि शक्य असेल तर स्वतःचा स्मोकर घेऊन या, असे त्यात लिहिले होते. माझे गुणपत्रक त्यांनी खरोखर वाचले होते. मी पोहोचलो तेव्हा त्या बाईंनी पहिलेच वाक्य असे उच्चारले की तुमची कोंबडी मांडणीत चांगली आहे, तिच्यावर या दोन दिवसांत वेळ घालवू नका, ब्रिस्केटकडे लक्ष द्या.

वर्ग शुक्रवारी दुपारी सुरू झाला आणि शनिवारी दुपारी २ वाजता संपला, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्धा जशी चालते अगदी तशीच वेळ. आधी दोन तास मांस कापणे आणि साफ करणे, प्रत्येकाने आपापल्या फळीवर. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू एकमेकांवर असतात. खालचा सपाट स्नायू कापांसाठी आणि वरचा चरबीदार स्नायू चौकोनी तुकड्यांसाठी वापरतात, आणि त्या दोहोंमधली कठीण चरबी किती काढायची हे बोटांनी दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. डुकराच्या खांद्याच्या तुकड्यात हाडाच्या विरुद्ध टोकाला एक लांबट, रेषारेषांचा स्नायू असतो. स्पर्धक त्याला ‘मनी मसल’ म्हणतात, कारण बक्षीस बहुतेकदा तोच मिळवून देतो. तो उरलेल्या तुकड्याच्या आधी शिजतो, म्हणून त्याच्यात वेगळा तापमापक खोचून ठेवायचा आणि तो मऊ झाला की बाकीच्याची वाट न पाहता काढून घ्यायचा. हे मी आधी वाचले होते, पण तो स्नायू बोटांखाली चाचपून ओळखणे ही निराळी गोष्ट आहे.

रात्रीचा भाग माझ्या मते या वर्गाचा गाभा होता. वेबरसारख्या स्मोकरमध्ये न पेटलेल्या कोळशाच्या ढिगावर थोडेच धगधगते निखारे ठेवायचे, म्हणजे विस्तव वरून खाली हळूहळू उतरतो आणि कित्येक तास पुन्हा कोळसा घालावा लागत नाही. लाकडाचे तुकडे, तिथे हिकरी आणि चेरी होते, कोळशात विखरून पुरायचे, एका जागी रचायचे नाहीत. धूर पांढरा आणि दाट येत असेल तर लाकूड नुसते धुमसते आहे आणि मांसाला कडवटपणा येणार असे समजावे. तो पातळ, निळसर आणि जवळजवळ न दिसणारा झाला की मगच मांस चढवावे. रात्री १ च्या सुमारास पाऊस आला आणि माझ्या स्मोकरचे तापमान अर्ध्या तासात २७५ वरून २३० अंश फॅरनहाइटवर उतरले. मी हवा आत सोडणाऱ्या खालच्या तिन्ही झडपा उघडायला गेलो तेव्हा शिक्षकांनी हात धरून थांबवले. एकच झडप थोडी उघडा, पंधरा मिनिटे थांबा, मग पाहा, असे ते म्हणाले, कारण सगळ्या झडपा उघडल्या की निखारे एकदम भडकतात आणि वर गेलेले तापमान खाली आणणे हे खाली गेलेले वर नेण्याहून कठीण असते. पहिल्या वर्गात पाऊस आला असता तरी आम्हाला त्याचा पत्ता लागला नसता.

ब्रिस्केट १६० अंशांच्या आसपास आले की तासन्‌तास तिथेच अडकून राहते, कारण पृष्ठभागावरून उडणारे पाणी मांसाला थंड करत असते. नवखा माणूस इथे घाबरून विस्तव वाढवतो. वरचा थर हवा तसा गडद आणि घट्ट झाला आहे का, नखाने खरवडला तर निघतो का, हे पाहून मग ते थोड्या रसासह फॉइलमध्ये गुंडाळायचे असे आम्हाला दाखवले गेले. प्रत्येकाचे ब्रिस्केट वेगवेगळ्या वेळी त्या अवस्थेला पोहोचल्यामुळे हा निर्णय आठ वेळा पाहायला मिळाला. २०३ अंश हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, परंतु शिक्षकांनी आकड्यावर विसंबू दिले नाही. तापमापकाची सुई लोण्यात जावी तशी, अडथळ्याविना, सर्व ठिकाणी आत गेली पाहिजे, आणि माझ्या ब्रिस्केटमध्ये ते १९९ अंशांनाच घडले, तर शेजारच्या गृहस्थांच्या ब्रिस्केटमध्ये २०७ अंशांपर्यंत घडले नाही. त्यानंतर ते दुलईत गुंडाळावे तसे गुंडाळून, बर्फाच्या पेटीत बर्फाविना, दोन-तीन तास ठेवायचे आणि या काळात ते १४० अंशांच्या खाली जाणार नाही याची खात्री करायची.

कापण्याच्या वेळी मला एक गोष्ट शिकायला मिळाली जी मी आजवर कुठे वाचली नव्हती. पहिला काप दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढायचा. तो किंचित ताणून मग तुटला तर पाव इंचाचे काप करायचे. तो हातातच भुगा होऊन पडला, म्हणजे जास्त शिजला असेल, तर काप थोडे जाड करायचे म्हणजे ते धरून राहतात. तो तुटायला जोर लागला तर काप पातळ करायचे म्हणजे दाताला कमी जाणवते. मऊपणाच्या गुणाला १.१४२८ चे वजन आहे हे लक्षात घेता, सुरी एखाद्या सूतभर इकडेतिकडे सरकवून किती गुण वाचतात याचा हिशेब करता येतो, आणि असा हिशेब शिकवणाऱ्या वर्गात भरलेले पैसे मला वसूल झाल्यासारखे वाटतात.

सकाळी ११ वाजल्यापासून घड्याळ सुरू झाले. त्यांनी प्रत्येकाला कोऱ्या तक्त्याचे एक पान दिले होते आणि आम्ही ते दुपारी १२ पासून उलटे मोजत भरले होते : ११.४० ला कोंबडी सॉसमध्ये बुडवून परत जाळीवर, ११.५० ला डब्यात, ११.५५ ला डबा हातात घेऊन चालायला सुरुवात. अर्ध्या-अर्ध्या तासाने चार डबे गेले. ते त्यांनी आणि गावातल्या चार प्रमाणित परीक्षकांनी चाखले आणि प्रत्येक गुणाचे कारण आमच्यासमोर सांगितले. माझ्या रिब्जवर तिघांनी चवीला ८ आणि मऊपणाला ९ दिले. एकीने ७ देऊन सांगितले की पहिला घास छान आहे, पण मागे मिठाची चव रेंगाळते. हे एक वाक्य घेऊन मी घरी आलो आणि माझ्या मसाल्यातले मीठ पाचव्या हिश्श्याने कमी केले.

या वर्गातही उणिवा होत्या. हातात दिलेली टिपणे अपुरी होती आणि ब्रिस्केटला टोचून घालायच्या द्रावणाविषयी त्यांनी फॉस्फेटयुक्त तयार भुकटी वापरा एवढेच सांगितले. फॉस्फेटमुळे मांस पाणी धरून ठेवते हे कारण मला नंतर स्वतः वाचून समजून घ्यावे लागले. स्वतःचे मांस नेल्यामुळे खर्च १८० डॉलरांनी वाढला. रात्रभर जागण्याची तयारी नसलेल्यांना हा वर्ग झेपणार नाही, आणि आमच्यातले एकजण पहाटे गाडीत झोपले ते सकाळी ९ ला उठले. तरीही मला पुन्हा निवड करायची झाली तर मी हाच वर्ग निवडेन.

शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना काही प्रश्न विचारावेत असे मी आता प्रत्येकाला सांगतो. विद्यार्थी किती असतील आणि प्रत्येकाच्या हाती स्वतःचे मांस येणार का, हा पहिला प्रश्न; दहा-बारापेक्षा अधिक माणसे असतील तर बहुधा फक्त पाहायला मिळते. शिक्षक सध्याही स्पर्धांत उतरतात का, हे विचारायला संकोचू नये, कारण परीक्षकांची आवड दर काही वर्षांनी सरकते आणि बऱ्याच काळापूर्वी जिंकलेल्या माणसाचा सॉस आजच्या टेबलावर जुना वाटू शकतो. तुम्ही वापरता त्याच जातीच्या स्मोकरवर शिकवले जाणार का, आणि मांस चढवण्यापासून डबा देण्यापर्यंतचा सारा वेळ वर्गात घडणार की काही भाग आधी उरकलेला असणार, हेही स्पष्ट करून घ्यावे. शेवटी, तुमचे शिजवलेले कोणी चाखून गुण देणार आहे का, हे विचारावे. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाच्या उत्तरावरून वर्गाची प्रत ओळखता येते.

कोणत्या संस्थेच्या नियमांसाठी शिकायचे हेही आधी ठरवले पाहिजे. टेक्सासमध्ये इंटरनॅशनल बार्बेक्यू कुकर्स असोसिएशनच्या स्पर्धांत अर्धी कोंबडी द्यायची असते आणि डब्यात पानांची सजावट नसते. टेनेसी राज्यातल्या मेम्फिसच्या परंपरेत, जिथे १९७८ पासून ‘मेम्फिस इन मे’ या महोत्सवाची स्पर्धा भरत आली आहे, आख्ख्या डुकराला मान आहे आणि परीक्षक संघाच्या तंबूत येऊन, स्पर्धकाशी बोलत चाखतात. जॉर्जियातल्या उनाडिला येथे मायरन मिक्सन शिकवतात, ते मेम्फिसची स्पर्धा एकाहून अधिक वेळा जिंकलेले आहेत, तेव्हा आख्खे डुकर शिजवायची आस असलेल्याने तिकडे पाहावे. दक्षिण कॅलिफोर्नियात हॅरी सू शिकवतात. मलेशियात जन्मलेल्या या गृहस्थांनी वेबरच्या साध्या स्मोकरवर शिजवून मोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत, त्यामुळे माझ्यासारखे साधन असलेल्याला त्यांच्या वर्गाचा विचार करण्यासारखा आहे. या दोन्ही वर्गांना मी स्वतः गेलेलो नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या मांसविज्ञान विभागात कॉलेज स्टेशन येथे ब्रिस्केटवर जे शिबिर भरते ते स्पर्धेसाठी नाही, पण मांसाची प्रतवारी, स्नायूंची रचना आणि लाकडांचे गुणधर्म शास्त्रशुद्ध समजून घ्यायचे असतील तर तोच योग्य मार्ग दिसतो. चित्रफितींचे ऑनलाइन वर्ग स्वस्त पडतात आणि मांस साफ करणे त्यांतून उत्तम शिकता येते. सुई लोण्यात जाते म्हणजे काय, हे मात्र पडद्यावरून हाताला कळत नाही.

आपल्यातल्या अनेकांच्या घरी गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य असते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. परीक्षक व्हायचे तर चारही मांसे चाखावीच लागतात, त्यात सूट मिळत नाही. शिजवणाऱ्याला मात्र चाखण्याची सक्ती नसते, आणि आमच्या संघातला एक सहकारी गोमांस खात नाही, तो कोंबडी आणि घड्याळ सांभाळतो आणि ब्रिस्केटचा मऊपणा केवळ सुईने व बोटांनी अचूक ओळखतो. तिघांत काम वाटून घेणे हा त्यावरचा आमचा मार्ग ठरला. काही स्पर्धांत फक्त कोंबडीची किंवा स्टेकची वेगळी फेरी असते आणि तिची तयारी एका दिवसाच्या लहान वर्गातही होते.

या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा दोन स्पर्धांत उतरलो. पहिलीत २९ संघांत बारावे आलो, दुसरीत रिब्जमध्ये पाचवे, आणि त्या पाचव्या क्रमांकाची लहानशी फळी माझ्या मुलीने जेवणाच्या खोलीत लावली आहे. ब्रिस्केट अजून मधल्या फळीतच अडकले आहे, चवीचे गुण ७ आणि ८ यांच्यामध्ये हेलकावे खातात. मिसूरीतल्या त्याच दांपत्याने येत्या मार्चमध्ये फक्त ब्रिस्केटचा एका रात्रीचा वर्ग ठेवला आहे, सहाच जागा आहेत, आणि त्यांतल्या एका जागेचे पैसे मी गेल्या आठवड्यात भरले.